पुन्हा रेकॉर्ड करण्यासाठी तीन दाबा

डुलुथच्या कौंटी कचेरीत, तळमजल्याच्याही खाली,
बॉयलरच्या शेजारची खोली माझी.
एकशे ब्याऐंशी व्हॉइसमेल पेट्या,
प्रत्येकीची किल्ली चार आकडी.

नव्वद दिवसांनी किल्ली बदलायची, असा नियम.
म्हणजे दर नव्वद दिवसांनी जिन्यावर पावलं वाजतात.
रस्ते-विभागाची मार्लिस, बुटांवर मिठाचे पांढरे डाग,
"आधीचे पाच आकडे चालत नाहीत म्हणे.
आणि मला तर पाचच मुलं."
मी तिला तात्पुरता आकडा देते, तिच्याच फोनचा,
सांगते, आजच्या आज बदल.
ती बदलणार नाही, हे दोघींनाही ठाऊक.

मला कुणाचा आकडा दिसत नाही.
पडद्यावर फक्त चार चांदण्या,
न्यायाधीशाच्याही चार, झाडूवाल्याच्याही चार.
तरी लोक आपणहून सांगून टाकतात:
घटस्फोटाचं साल,
मेलेल्या कुत्र्याच्या पट्ट्यावरचा नंबर.
नका सांगू, म्हणते मी,
तोवर सांगून झालेलं असतं.

स्वागताचा निरोप मात्र कुणी बदलत नाही.
एप्रिल सरत आला, सरोवरावरचा बर्फ फुटला,
पहिलं जहाज भोंगा देत पुलाखालून गेलं,
आणि परवाना-खिडकीवरचा व्हर्नन अजून नाताळच्या सुटीवर.
दोन जानेवारीला परत येणार आहे तो.

मग नवी यंत्रणा आली.
जुने निरोप नव्या पेटीत उतरेनात.
सगळ्यांनी पुन्हा बोला, असं पत्रक मीच काढलं.

दुसऱ्या दिवशी घरपट्टीचा बर्ट्रम डॅल्गार्ड खाली आला.
काही बोलला नाही. पिवळा कागद टेबलावर सरकवला:
"माझा तेवढा जुना ठेवता येईल का?"
त्याच्या पेटीत चौदा वर्षं अ‍ॅग्नेटाचा आवाज होता.
अ‍ॅग्नेटा निवृत्त होऊन अ‍ॅरिझोनाला गेली.
मी मान हलवली, नाही.
"मी बोलून देऊ का" हे ओठांपर्यंत आलं होतं,
पण त्याने सूचनांचा कागद आधीच घडी करून खिशात घातला.

ब. ओठ मिटल्याशिवाय न येणारं अक्षर.
त्यापुढे ड, जीभ टाळूला चिकटवून सोडावं लागणारं.
आईबापांनी नाव ठेवताना असला हिशोब कोण करतो?

सकाळी नोंदी पाहिल्या. आवाज नसतो त्यांत,
नुसत्या दाबलेल्या कळा.
संध्याकाळी पाच चाळीस ते सात दहा:
तीन. तीन. तीन. तीन.
एकतीस वेळा तीन.
मला वाटलं, हट्टी आहे गडी, मनासारखं होईना त्याच्या.
मग शेजारचा रकाना दिसला, लांबीचा.
चार सेकंद. चार सेकंद. पुन्हा चार.

तो चुकत नव्हताच.
तीन सेकंद शांतता झाली की रेकॉर्डिंग बंद,
ही मर्यादा यंत्रात कारखान्यातूनच घालून आलेली.
तो ओठ मिटून नावाशी झगडत असायचा
आणि यंत्राला वाटायचं, झालं याचं बोलून.

मी तीनाचे बारा केले.
बदलाच्या अर्जावर कारण लिहावं लागतं.
लिहिलं: नेहमीची देखभाल.
फोन करून त्याला एवढंच सांगितलं,
बिघाड आमच्याकडचा होता, परत बघा.

त्या संध्याकाळी दोनदा तीन, मग एक.
एक म्हणजे जतन करा.
लांबी सव्वीस सेकंद.

लोक कुरकुरतात थोडे.
एका बाईने वर तक्रार केली, तुमची लाइन मध्येच मरते.
तपासते म्हटलं. तपासलं नाही.

तो जेवायला गेला की कधी कधी मी
चारशे सतरा फिरवते, काही काम नसताना.
"मी ब"
आणि मग माझ्या खोलीतला बॉयलर ऐकू येतो,
नळ्यांतलं पाणी, वर कुणाची तरी खुर्ची सरकल्याचं,
मी फोन कानाशी धरून असते,
अजून बारा झालेले नसतात.