नळीपासून खाली

शमसूभाई नालबंद म्हणायचे,
घोडा वरून बघू नको, डॉक्टर.
वरून सगळेच राजे दिसतात.
जमिनीपासून वर ये.
खूर, गामची, घोटा, नळी, गुडघा,
आणि मग वेळ उरलाच तर तोंड.

मी नवी होते. बूटसुद्धा नवे.
एम्प्रेस गार्डनमागच्या तबेल्यात पहाटे साडेपाचला
लिदीचा, भिजवलेल्या चण्याचा वास,
रेसकोर्सवर धुकं,
आणि धुक्यातून आधी आवाज यायचा, मग घोडे.
ते डोळे मिटून उभे.
"तिसरा. पुढचा डावा. ऐकलंस?"
मला चारही टापा सारख्याच.
एक अख्खा सीझन गेला कान तयार व्हायला.

मग कळत गेलं.
दुखरा पाय टेकताना मान वर उडते.
गामची उभी असली की धक्का थेट हाडात जातो,
फार कललेली असली की मागची शीर
दर पावलाला ताणली जाते, तक्रार न करता,
एक दिवस तुटेपर्यंत.
खूर बाहेर वळलेला असेल तर पाय आत झुलतो
आणि आपल्याच दुसऱ्या पायाला लागतो.
छाती खोल हवी, दोन बोटं नाही, वीतभर.
मागे झुकलेला गुडघा पहिल्या फर्लांगात बोलत नाही,
शेवटच्यात बोलतो.

मालकांना मात्र भोवरे हवे असत.
कपाळावर एक की दोन, मानेवरचा उजवीकडे फिरतो की डावीकडे.
दिनयारजींच्या खिशात काकांच्या हातची यादी होती,
घडीवर फाटलेली.
"सगळं ठीक म्हणता, मग घोडं पेंड कुठे खातं?"
असं विचारून स्वतःच आधी हसायचे.

त्या वर्षी त्यांनी दोन दाखवले.
एक तांबडा. मापात बसवून घडवलेला.
खांद्याचा उतार, पाठीची लांबी, चारही पाय ओळंब्यात.
मी दोनदा चालवला, एकदा दुडक्या चालीत पळवला,
आणि लिहिलं : घ्यावा.
दुसरी कुमैत घोडी, लॉट त्रेपन्न,
आखूड मान, पुढचा उजवा बाहेर गेलेला.
शमसूभाईंनी तोच खूर मांडीवर घेतला,
नखाने वाजवला,
बराच वेळ सोडला नाही.
"दगड आहे," एवढंच म्हणाले.
मी लिहिलं : शिफारस नाही.

तांबडा सप्टेंबरात, वळणावर.
हिरवे पडदे आले, माणसं आली, मी आले.
त्यानंतर कित्येक रात्री त्याचा आराखडा काढला.
प्रत्येक कोन बरोबर येतो.
अजून येतो.
दिनयारजींनी मला कधी काही विचारलं नाही.
तेच जास्त लागलं.

परवा मुंढव्याच्या रायडिंग स्कूलमध्ये
लसी टोचायला गेले होते.
रांगेत शेवटची, कुमैत, कपाळावर पांढरे केस,
पाठीवर एक गुबगुबीत मुलगा, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं,
लगाम सोडून आयाळ धरलेली.
उजवा पाय बाहेर.
मी वहीत नंबर शोधला नाही.

वाकून खूर उचलला.
नालेची आतली कड घासून गोल केलेली,
म्हणजे लागला तरी जखम होऊ नये.
"हे कुणी शिकवलं?"
पोरगा म्हणाला, अब्बांनी. दर पाच आठवड्यांनी असंच करा,
ही घोडी माझ्याकडून राहिली तर तू कर, म्हणाले होते.
मग घासणीवरचा भुसा फुंकला.
शमसूभाईंना जाऊन दोन वर्षं झालेली,
मला कुणी कळवलं नव्हतं.

गुडघ्यापासून खाली हात फिरवला.
नळी थंड. शीर घट्ट, दोरीसारखी वेगळी लागते.
बारा वर्षं.

"चालवून दाखव," म्हणाले.
मुलाला उतरवलं, घोडी पुढे निघाली,
फरशीवर, मग मातीत.
मी डोळे मिटले.
एक, दोन,
तिसरी किंचित अलीकडे,
चार.