सोमवारी बंद

सोमवारी माझं सलून बंद असतं.
अचाओच्या धक्क्यावरून वर येणाऱ्या गल्लीत
माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चिपांनी मढवलेलं, पिवळं,
तेच.
त्या सोमवारी तरी शेगडी पेटवली,
खुर्च्या गोल फिरवल्या,
आणि दवाखान्यातली सुईण एर्मिंदा बार्रीआ
बोटीतून उतरून ओल्या बुटांनीच आत आली.

आम्ही चार केस कापणाऱ्या,
पावाच्या दुकानातली उबेर्लिंदा,
आणि बोटीवर तिकिटं फाडणारा एलादियो,
जो खरं तर बटाट्याच्या गरम मिलकाओसाठी आला होता.

सुईण म्हणाली,
कोर्ट खाडीपलीकडे आहे. तुमचे हात मात्र डोक्यावर.
मान मागे टाकून, डोळे मिटून
बायका आणखी कुठं बसतात, सांगा.
कुणी सांगितलं नाही.

मग तिनं नाटक करायला लावलं.
एलादियो खुर्चीत, गळ्याभोवती माझा फुलाफुलांचा कपडा,
आधी सगळ्या हसलो.
उबेर्लिंदानं विचारायचं होतं. तिनं विचारलं,
'मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?'
एलादियो काही बोलला नाही.
त्यानं गाठ सोडली, कपडा घडी करून ठेवला
आणि दाराकडे चालू लागला.
नाटकातच.
पण दार खरं होतं, बाहेरचा वारा खरा होता,
आणि उबेर्लिंदाच्या हातातला कप
बशीवर वाजत राहिला.

मला नोल्फा आठवली.
उजव्या कानाच्या वर नाण्याएवढी जागा, गुळगुळीत,
कडेला रक्ताचे बारीक ठिपके.
मी म्हटलं होतं, 'चाई असेल, लसणाचा रस लाव.'
ती म्हणाली होती, 'हो, चाईच.'
बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता.
मी डावीकडचे केस उजवीकडे आणले.
इतका सफाईदार भांग
मी आयुष्यात पाडला नव्हता.
तिनं आरशात पाहिलं, वर चार पैसे जास्त ठेवले.
केसानं गळा कापतात, म्हणतात.
मी कंगव्यानं.

पुएर्तो माँतला असते म्हणे. बरी आहे म्हणे.
असं म्हणणारं कुणीच तिला भेटलेलं नाही.

शेवटच्या बोटीआधी, दारात, सुईणीला हे सांगितलं.
वाटलं, ती म्हणेल, तुझी चूक नव्हती.
तिनं हातमोजे चढवले.
म्हणाली, 'ते वाक्य नोल्फाचं आहे.
तिला अजून कुणी दिलं नसेल,
तर तुला आधी कसं देऊ?'
आणि उतारावरून निघून गेली. मला रागच आला.
दोन दिवस आला.

गुरुवारी एक मुलगी आली, नाव नाही सांगत.
फक्त टोकं कापायची होती.
जबड्याखाली अंगठ्याएवढा डाग,
पिकल्या प्लमचा रंग, कडेनं पिवळा होत चाललेला.
मी ड्रायर बंद केला.
खुर्ची आरशाकडून खिडकीकडे वळवली,
तिथं निदान बोटी दिसतात.
विचारलं, 'इथं हात लावू का?'
तेवीस वर्षांत हे कुणाला विचारलं नव्हतं.
'तिथं नको.'
'बरं.'
मी तिथं हात लावला नाही.

कात्री चालत राहिली.
मध्येच ती म्हणाली, तिनंच सूप खारट केलं होतं.
मी म्हटलं, 'सूप खारट होतं कधी कधी.
त्यानं मान अशी होत नाही.'
कागद दिला नाही; पर्सा उघडून बघतात,
हे आता मला माहीत आहे.
न्हाणीतल्या आरशाच्या मागे नंबर लिहिलाय,
एवढंच म्हटलं, साबण कुठंय ते सांगावं तसं.
ती गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

पैसे देताना विचारलं, 'परत कधी येऊ?'
केस आत्ताच कापलेले.
आठ दिवसांत वाढून किती वाढणार.
मी वही उघडली, लिहिलं: सोमवार, चार.
ती म्हणाली, 'सोमवारी तुम्ही बंद असता.'
'हो,' मी म्हटलं.