कात्रण

चौथी ब. विडी घरकुलची शाळा. बेचाळीस अंश.
फळ्यावर वर्षावन काढता काढता
हिरवा खडू नखाएवढा उरला.
"तिथं रोज पाऊस पडतो," मी म्हणाले.
"रोज?" अंबादास बाकावर उभाच राहिला.
त्याच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं.

मग डस्टर घेतलं,
कोपऱ्यापासून जंगल पुसत आले:
इथं रस्ता, इथं गुरं, इथं खाण.
वर्ग गप्प.

लावण्या बोल्लीचा हात वर.
"बाई, पानं तोडली की झाड मरतं?"
"नाही गं, पुन्हा फुटतं."
"मग त्यांनी पानंच न्यायची की.
आमच्या अम्माचं भागतं."

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीभर कात्रण आणलं,
ओल्या फडक्यात गुंडाळून.
तेंदूच्या पानांच्या कडा,
अम्माची कात्री विडीला घेत नाही त्या.
पुसल्या जागी खळीनं चिकटवत सुटली.
फळा खराब होतो, हे सांगायचं राहूनच गेलं.

जंगल झालं तपकिरी, वाकडंतिकडं,
तंबाखूचा वास मारणारं.

अंबादासनं बाटलीतल्या तळाच्या पाण्यात
बोटं बुडवून त्यावर शिंपडली.
"दुपारचा पाऊस," म्हणाला,
आणि बूच घट्ट लावलं.