सुकेपर्यंत

रास्ता पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर
पहाटे पावणेचारला
मी एका दंडाकडे बघत उभी असते.
दंड म्हणजे माझ्या करंगळीएवढा.
कातडी अशी, की कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला
पापुद्रा अलगद सोलून कुणी गुंडाळलाय.
आत निळी नस, शिसपेन्सिलीने पुसट ओढलेली.

नाव अजून नाही. पाटीवर आहे
'रेवती खळदकर यांचं बाळ', सत्तावीस आठवडे,
आठशे नव्वद ग्रॅम.
आकडा रोज पुसून रोज लिहितो,
पाटीचा तेवढा तुकडा झिजून पांढरा पडलाय.

एस्तेर साळवे सिस्टर शिकवायच्या:
घासू नकोस गं, भांडं नाहीये ते.
टेकव, फिरव, उचल.
ओघळ पाठीखाली साचू देऊ नकोस,
आपल्याला गार लागतं, त्यांना भाजतं.
आणि मग हात मागे घे. थांब.
थांबून काय करू?
काही करू नकोस. फुंकर तर नाहीच नाही.
सुकता सुकताच ते आपलं काम करतं,
तू मध्ये येऊ नकोस.

तीस सेकंद म्हणजे किती,
हे या शहराला विचारायची सोय नाही.
सेव्हन लव्हज चौकात आकडा सहावर आला
की पुणं सुटतं.

मीही सुटले होते एकदा.
गेल्या आषाढात, एका रात्रीत तीन भरती,
दोन मॉनिटर एकदम कोकलत होते,
"झालं का?" आवाज आला.
"झालं," म्हटलं मी.
बारापर्यंतच मोजलं होतं.
कातडी अजून चकाकत होती.

चौथ्या दिवशी त्याला दूध पचेना,
रंग राखेकडे गेला,
कल्चरच्या बाटलीत काहीतरी उगवलं.
त्या अठरा सेकंदांचं होतं,
की नळीच्या झाकणाचं, की कुणाच्या न काढलेल्या अंगठीचं,
कुणाला सांगता आलं नाही.
कुणी विचारलंही नाही.
चार नंबरची गादी पुसून घेतली, नवी चादर घातली.
विचारते ती मीच,
बहुतेक पावणेचारलाच.

खळदकर बाहेर बाकावर बसलाय.
मार्केट यार्डात झेंडूचे क्रेट उतरवतो.
संध्याकाळी कोपरापर्यंत हात धुऊन आला,
नखांच्या कडांना पिवळं तसंच.
"हे निघत नाही सिस्टर. परत धुऊ?"
रंगच आहे तो, म्हटलं, रंगाने काही होत नाही.
तरी गेला, परत धुऊन आला.
पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घातलं
आणि टेकवलंच नाही.
तसंच धरून ठेवलं, बाळाच्या वर बोटभर,
हात थरथरायला लागेपर्यंत.

आता मी आकडे मोजत नाही.
आकडे पळवता येतात.
मी घरी जाते.
पूलगेट. खिडकीजवळची जागा.
रेसकोर्स, पलीकडे अंधार आणि एखादा घोडा असावा.
भैरोबा नाला. फातिमानगर,
तिथे नेहमी कुणीतरी चढतं सुट्ट्या पैशांशिवाय.
रामटेकडी.

डॉक्टर ओसवाल हातमोजे घालून, नळी उचलून तयार.
केसाहून थोडी जाड नळी,
हृदयाच्या दारापर्यंत जाणार आहे ती,
आणि तिच्यासोबत काय जाईल
ते आत्ता, इथे, या ओल्या चकाकीत ठरतंय.
"झालं का?"

"नाही. अजून वैदूवाडी."

ते माझ्याकडे बघतात. मग दंडाकडे.
काही विचारत नाहीत.
आम्ही तिघं, दोन मोठे आणि एक आठशे नव्वद ग्रॅम,
काहीही न करता थांबतो.

मगरपट्टा.

गाडीतळ.

चकाकी विझते.
कातडी पुन्हा नुसती कातडी होते,
कोरडी, फिकट, घरच्यासारखी.

"हं," मी म्हणते, "आता."