झाकण

रिओनीच्या पुलाखाली माझं दुकान.
शेजारी बुटांना तळवे लावणारा वाझा,
आमच्या दोघांत एकच हीटर,
तो सकाळी त्याच्याकडे, दुपारनंतर माझ्याकडे.

त्सिआलाबाई आल्या त्या गुरुवारी,
कुताइसीच्या निम्म्या गावाला भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या,
टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरून,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"मधेच मान टाकतो," म्हणाल्या.
"वाक्यसुद्धा पुरं करू देत नाही."

मी नेहमीचंच विचारलं:
पडला होता? पाणी सांडलं? वाईन?
आमच्याकडे हा प्रश्न विचारावाच लागतो.
बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी राजधानी चुकलो असणार.

उघडला.
पंख्यात लोकरीची बोंडं, अक्रोडाचं एक टरफल,
ते कसं गेलं ते देव जाणे.
फुंकलं, पुसलं, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली वाटाण्याएवढी.
रॅम काढून तिचे दात खोडरबराने घासले.
बॅटरी म्हातारी, पण प्रामाणिक.
रात्रभर चालू ठेवला, तापमान साठच्या वर गेलं नाही,
सकाळी मी बूट काढत होतो
तरी तो जागाच.

बाई घेऊन गेल्या. सोमवारी परत आल्या.
"बंद पडतो."
माझ्यासमोर मी दोन तास चालवला. पडला नाही.
"माझ्यावरच राग आहे त्याचा," त्या म्हणाल्या,
आणि वाझा दोरा दातात धरून हसला.

मग मी ती नोंदवही उघडली
जी यंत्र मुकाट्याने लिहीत असतं.
धक्का नाही, वीज गेल्याची खूण नाही.
फक्त: झाकण लावलं.
तीन मिनिटांनी पुन्हा: झाकण लावलं.
दिवसातून अकरा वेळा.
"बाई, तुम्ही झाकण लावता?"
"लिहिताना? मी काय वेडी आहे?"

तेव्हा म्हटलं, बसा. लिहा काहीतरी.
त्या बसल्या, चष्मा खाली ओढला,
लिहू लागल्या, प्रिय एका, इकडे थंडी
आणि डावं मनगट कडेला टेकलं,
आणि पडदा काळा.

मनगटात तांब्याचं कडं, आत चुंबकाचे मणी.
एका इटलीत, बारीत, एका म्हातारीला सांभाळते.
तिथल्या औषधवाल्याकडून घेऊन तिने आईला पाठवलेलं,
सांध्यांसाठी.
मी ते मागून घेतलं, नुसतं त्या कोपऱ्यावरून फिरवलं.
काळा.
त्या बिचाऱ्याला वाटायचं, दार लावलं.

"पण मग झोपेल ना नुसता," वाझा म्हणाला.
त्याचा पुतण्या कॉम्प्युटर शिकतो.
बरोबर होतं. मी आतली कळ पाहिली:
झाकण लावताच पूर्ण बंद हो.
असं कोण लावून ठेवतं?

"गुरमने," बाई म्हणाल्या.
थोड्या वेळाने म्हणाल्या,
"नव्वदीत आम्ही तीन हिवाळे मेणबत्तीवर काढले.
नंतर तो फोनच्या चार्जरलाही
विनाकारण जळू द्यायचा नाही."
गुरमला जाऊन दोन वर्षं झाली, हे वाझाने मला नंतर सांगितलं.

बदलायला अर्धं मिनिट लागतं.
माझं बोट तिथेच होतं.
"राहू दे," त्या म्हणाल्या.
कडं काढलं, पर्समध्ये टाकलं,
लगेच पुन्हा बाहेर काढलं.
"आठला ती फोन करते, व्हिडिओवर.
हातात नाही दिसलं तर विचारेल."

मग माझ्याच स्टुलावर बसून
त्यांनी सराव केला:
कडं डाव्या हातात,
हात यंत्रापासून लांब, खांद्याच्या वर,
उत्तर येत असलेल्या मुलीसारखा.
"हं. असं दिसेल तिला?"

पडदा चालूच होता.
मी म्हटलं, दिसेल.
पैसे किती ते मी सांगेपर्यंत
बाईंनी ओट्यावर सोललेल्या हेझलनटांची पिशवी ठेवली होती,
आणि टॉवेलाची गाठ मारत होत्या,
एकाच हाताने.