शेवटून दुसरं

ब्रॅडफर्डचा वृद्धाश्रम, माझी रात्रपाळी.
फॉर्मवर वयाचा रकाना. मी लिहिलं : ९२.
ब्रोनिस्वावाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
आकडा नको, म्हणाल्या, शब्द लिही.
आणि एका दमात काढून दाखवला :
ज्येव्येंचज्येशेंचोद्वुलेत्न्या.

म्हटलं, बाई, ही मालगाडी तोडू कुठे?

त्यांनी पांघरुणावर बोटं मांडली.
ज्ये. व्येंच. ज्ये. शें. चो. द्वु. लेत. न्या.
आठ बोटं. अंगठे मोजायचे नसतात म्हणे,
ते शब्द धरून ठेवायला.
पहिल्या बोटावर नुसती टिचकी,
दार वाजवण्याआधी आपण खाकरतो तशी.
मग मधली सगळी गुमान चालतात
आणि ठोका
शेवटून दुसऱ्यावर. लेत.
लेत म्हणजे वर्षं. उन्हाळेही त्याच मुळातले.
आम्ही पावसाळे मोजतो, मी म्हटलं.
त्या खिडकीकडे बघून हसल्या.
इथे दोन्ही एकाच दुपारी येऊन जातात.

तीस वर्षं लोकरीच्या गिरणीत.
यंत्रांच्या गोंगाटात बायका ओठ वाचायच्या.
तिथे आघात ऐकू येत नसे, दिसायचा :
जबडा त्या अक्षराला जरा जास्त उघडायचा.
नवरा, ताडेउश, चर्चचं चार पानी पत्रक जुळवायचा.
ओळ संपली तर शब्द सांध्यावर सोडवायचा,
हाडावर कधीच नाही.

परकी बाई? विचारलं मी.
त्सु-द्झो-झ्येम-का.
झ्येम म्हणजे जमीन. ठोका नेमका तिच्यावर.
आणि अशा बायकांबरोबर म्हणायचं झालं,
तर शेपूट लागतं, त्सुद्झोझ्येमकामी,
ठोका जमिनीवरून उठतो, एक घर पुढे बसतो.
सामान हलतं. हरवत नाही.

मला सांगलीच्या शाळेतल्या घोरपडेबाई आठवल्या.
उपान्त्य दीर्घ, पण प्रत्यय लागताच ऱ्हस्व.
बहीण. बहिणीला.
धाकटी तिथेच आहे. चार वर्षं झाली.
नुसती आठवते तेव्हा चांगली लांब असते,
तिला काही सांगायला गेलं
की आखडते. फोन हातातच राहतो.

मार्चमध्ये त्र्याण्णव लागलं.
द्वुच्या जागी त्शी, बाकी डबे तेच.
पण आता पाचव्या बोटाशी बाई थांबायच्या,
पाणी मागायच्या, पुन्हा पहिल्यापासून.
एकदा म्हणाल्या, शंभर गाठायला हवेत ग,
शंभराला शब्द एकदम आखूड होतो.
स्तु-लेत-न्या. तीन बोटं.
तेवढा दम मी बाजूला काढून ठेवलाय.

नव्या फॉर्मवर मी शब्दच लिहायला घेतला.
रकाना इंचभर. चोपर्यंत आले आणि जागा संपली.
सांधा होता तिथे. छोटी आडवी रेघ ओढली,
पेन उचलून वर पाहिलं.
बाईंचा डोळा लागला होता,
बोटं पांघरुणावर,
सातवं जरासं वर.