दोरीच्या तीन गाठी

वाडीच्या नाक्यावर, अमरावती रोडला,
एकोणीस वर्षं मी ट्रॅक्टर विकतो.
गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्या चपला बघतो,
मग आकडा सांगतो. सहसा पंचेचाळीस.
त्याच्या खाली कुणाची छाती फुगत नाही.

त्या बुधवारी वैशाख असा तापला होता
की कूलरमधून वाळ्याचा वास सोडून नुसती वाफ येत होती.
सिंधूबाई बेलखोडे आल्या, कळमेश्वरकडच्या,
मागे पुतण्या प्रज्योत, डोळ्यांवर गॉगल.
"किती एचपीचा पाहायचाय?"
"पन्नास," प्रज्योत म्हणाला,
"वरातीत डीजे ओढता आला पाहिजे."
बाईंनी पिशवीतून दोरी काढली,
खताच्या पोत्याची शिवण उसवून वळलेली.
"घोडे मले नाई समजत, भाऊ.
हे मोजा."

पहिली गाठ: संत्र्याच्या दोन ओळींत
फांदीपासून फांदीपर्यंत उरलेली वाट.
दुसरी: सगळ्यात वाकलेली डहाळी
जमिनीपासून किती वर.
तिसरी फाटकाची.
"थे शेजाऱ्याच्या धुऱ्यावर हाये, रुंद होत नाई."

मी गुडघे टेकले.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
स्वतःच्या शोरूमची फरशी इतक्या जवळून पाहिली.
पंचेचाळीसच्या चाकांपुढे दोरी धरली:
दोन्हीकडून चार-चार बोटं चाक बाहेर.
सायलेन्सर तर थेट डहाळीत.
"म्हंजे येता-जाता संत्री पाडत चालाचं," बाई म्हणाल्या,
"भाव तं व्यापारी पाडतेच."

मग त्या विसाच्या यंत्रापाशी गेल्या,
बॉनेटवरून हात फिरवला
बकरीच्या पाठीवरून फिरवावा तसा.
दोरी बसली. किंमतही बसली.
पावतीपुस्तक माझ्या हातात होतं,
आणि कोण जाणे का, मी विचारून बसलो:
"फवाऱ्याची टाकी केवढी?"
"साहाशे लिटर."
"चढ आहे कुठे?"
"नाल्याकडे हाये ना. अन् माती अशी काळी,
आखाडात चप्पल ठेवून घेते."

सांगितलं मग.
वीस घोडे कागदावरचे, बाई.
तीन-चार तर गिअरातच घाम गाळून बसतात,
फवाऱ्यापर्यंत पोचतात ते सोळा.
भरली टाकी, ओला चढ,
अर्ध्या ओळीतच धापेल.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.
"मंग?"
"सत्तावीस. चारही चाकं ओढणारी."
दोरी पुन्हा धरली.
गाठीच्या अलीकडे माझा तळहात मावला.
"अन् डिझेल?"
"काम असेल तेवढंच पितो."
"मंग जावयाहून बरा," म्हणाल्या,
आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा हसल्या.
प्रज्योत केव्हाच बाहेर उसाच्या रसाला गेला होता.

त्या महिन्यात माझं टार्गेट चुकलं.

दुसऱ्या सर्व्हिसिंगला मीच गेलो, कार्तिकात.
आंबिया बहर लटकलेला,
हिरव्यात कुठे कुठे पिवळा उतरलेला.
बाई स्वतः स्टिअरिंगवर.
दोन ओळींमधून सत्तावीस घोडे असे गेले
की पानं हलली, फळ नाही.
वाटलं, आता काही बोलतील.
"सीट टोचते," त्या म्हणाल्या,
"अन् हॉर्न कायले येवढा मोठा देता?"

निघताना त्यांनी फाटक ओढलं,
खांबाला तीच दोरी गुंडाळली.
गाठी चार दिसल्या.
"ही कायची?"
"पल्याड नवी कलमं लावाची हायेत," म्हणाल्या.
"या पावटी झाडं नाई, ट्रॅक्टर मोजला."